ठाण्याचं तिकीट

(१९९५च्या दहावीच्या तुकडीच्या तिसाव्या वर्षीच्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. संयोजकांच्या आग्रहावरून लिहून काढलं आहे, बोलले तसंच ठेवलं आहे.)



संयोजकांनी मला विषय दिला होता, ‘कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपल्या मुलांचं करिअर’. मी तेवीस वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्यामुळे त्यांना वाटलं असणार की हिला हे येत असेल. मी स्लाइड्स केल्या होत्या. त्या या पेन ड्राइव्हमध्ये आहेत, ज्यांना हव्यात त्यांना जेवताना देईन. पण चार दिवसांपूर्वी आपल्या ग्रुपवर तिसांव्या वर्षाचे जुने फोटो पडायला लागले, आणि त्यातल्या एका फोटोखाली कुणीतरी लिहिलं, ‘याला तेव्हाच ठाण्याला पाठवायला हवं होतं’. खाली पंधरा हसणारे चेहरे. एक माझाही होता. सवयीने दाबला गेला. मग रात्री झोप लागली नाही, आणि विषय बदलला.

‘ठाण्याला पाठवा’. आपल्या वर्गात हे दिवसातून दहा वेळा कानावर यायचं. गणितात कुणी वेडंवाकडं उत्तर दिलं, की मागच्या बाकावरून ‘याचं ठाण्याचं तिकीट काढा रे’. आपल्याला डोंबिवलीहून ठाणं वीस मिनिटांवर. तिथे मामा राहतात, तिथे तलावपाळी, तिथे नाटकं. तरी त्या वाक्यातलं ठाणं वेगळं. ते १९०१ सालापासूनचं, मनोरुग्णालयाचं ठाणं. पुण्याच्या मुलांना त्यासाठी येरवडा होतं, आपल्याला ठाणं. मीसुद्धा म्हणायचे. नववीच्या दुसऱ्या सत्रात म्हणायची थांबले. कुणाच्या लक्षात आलं नाही, येण्यासारखं नव्हतंच.

तुमच्यातल्या काही मुलींना आठवत असेल, आठवीपर्यंत आपण अभ्यासाला आमच्याकडे जमायचो. गच्चीला लागून खोली होती, आई पोहे करायची. दहावीत मी कुणाला घरी येऊ दिलं नाही. विचारलंत तर सांगायचे, घरात रंगकाम चाललंय. एक वर्षभर रंगकाम! तुम्ही कुणी पुन्हा विचारलं नाहीत, तेव्हा त्याचा मला राग आला होता आणि सुटकाही वाटली होती.

माझा दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. आपल्याच शाळेचा. सरांना आठवत असेल, चित्रकलेच्या दोन्ही परीक्षांत ‘अ’ श्रेणी. १९९३च्या मार्चमध्ये मुंबईत बॉम्बस्फोट झाले, तेव्हा तो इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होता. रोज लोकलने जायचा. नंतरच्या आठवड्यांत तो म्हणायला लागला की पोलिस गाड्यांवर लक्ष ठेवून आहेत, डब्यातली माणसं एकमेकांना खुणा करतात. तेव्हा सगळेच असं बोलत होते, त्यामुळे आम्हाला काहीच विशेष वाटलं नाही. जूनमध्ये बाकीचे थांबले. दादा थांबला नाही. त्याने खिडक्यांना वर्तमानपत्रं चिकटवली. रेडिओतल्या बातम्या देणाऱ्या बाई त्याचं नाव घेतात असं तो मला शांतपणे, अगदी समजुतीच्या सुरात सांगायचा. मी चौदा वर्षांची होते. मी रेडिओ नीट ऐकायला लागले. खरंच ऐकायला लागले, कारण दादा आजवर कधी खोटं बोलला नव्हता.

या आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया, मराठीत छिन्नमनस्कता. साधारण शंभरात एकाला आयुष्यात कधीतरी होतो. मुलांमध्ये बहुतेकदा असाच, वयाच्या विशीच्या आसपास, म्हणजे घरच्यांनी ज्या वर्षांकडे डोळे लावलेले असतात नेमका तेव्हा. हे आकडे तेव्हा आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हते. बाबांना वाटलं अभ्यासाचा ताण. आईला वाटलं नजर. एका डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी इंजेक्शनं आणि गोळ्या दिल्या, आजाराचं नाव सांगितलं नाही. चार महिन्यांत दादा बराच सावरला, म्हणून आम्ही गोळ्या बंद केल्या. ताप उतरला की औषध बंद करतात, तसंच. दोन महिन्यांनी आधीपेक्षा वाईट. मग एका बाबांकडे नेलं. तिथलं सांगत नाही. एवढंच सांगते, की ऑगस्ट २००१मध्ये तामिळनाडूत एरवाडीला साखळ्यांनी बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत जळून गेले, ती बातमी आईने वाचली आणि पेपर घडी करून देवामागे ठेवला. बरीच वर्षं तो तिथेच होता.

आता शाळेचा भाग. दहावीच्या वर्षी आपल्या एक बाई आपल्यातल्या बारा जणांना ठाण्याला ‘वेध’ला घेऊन गेल्या. बाई आज समोर बसल्या आहेत, त्यांनी मला डोळ्यांनी सांगितलंय की नाव घ्यायचं नाही. ‘वेध’ म्हणजे व्यवसायाविषयीची परिषद. मंचावर वेगवेगळ्या क्षेत्रांतल्या माणसांना बोलावतात आणि त्यांच्याशी गप्पा मारतात. गप्पा मारणारे होते डॉ. आनंद नाडकर्णी. मनोविकारतज्ज्ञ. मी आयुष्यात तोवर एकच मनोविकारतज्ज्ञ पाहिले होते, ते मान वर न करता लिहायचे. हा माणूस हसत होता, समोरच्याला हसवत होता, मध्येच गाणं गुणगुणत होता. पाहुणे काय बोलले ते मला आज एक अक्षर आठवत नाही. मी फक्त एवढंच बघत बसले की वेड्यांचा डॉक्टर असा असू शकतो. ‘वेड्यांचा डॉक्टर’ हे शब्द माझे, आणि ते तेव्हा माझ्या डोक्यात असेच होते, म्हणून तसेच सांगते.

परतीच्या गाडीत बाकीचे दारात दंगा करत होते. मी बाईंच्या शेजारी बसले होते. मुंब्र्याच्या बोगद्यात आवाज इतका झाला की कुणाला ऐकू जाणार नाही, तेव्हा मी बाईंना सांगितलं. बोगदा संपला तरी माझं सांगून झालं नव्हतं. बाईंनी एकही प्रश्न विचारला नाही. पुढच्या रविवारी त्या आमच्या घरी आल्या, सांगायला काय तर हिचं भूमितीकडे लक्ष नाही. आईशी आत दोन तास बोलल्या. जाताना एका वहीच्या पानावर पत्ता लिहून दिला. बाई, भूमितीत मला १४६ पैकी… नाही, गणितात एकूण १५०पैकी १४१ होते. तुमचं निमित्त फारच कच्चं होतं.

तो पत्ता इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थचा होता. आयपीएच. डॉ. नाडकर्णींनी ही संस्था २३ मार्च १९९० रोजी ठाण्यात सुरू केली. म्हणजे आम्ही गेलो तेव्हा ती पाच वर्षांची होती. एक स्पष्ट करते, माझी डॉक्टरांशी वैयक्तिक ओळख नाही. दादाचे डॉक्टर दुसरे होते. मी त्यांच्याविषयी जे बोलणार आहे ते त्यांची पुस्तकं वाचून, व्याख्यानं ऐकून, आणि एका घरातून तीस वर्षं त्या संस्थेकडे बघून.

बाबा पहिल्यांदा यायला तयार नव्हते. ‘ठाण्याला’ हा शब्दच त्यांना तोंडातून काढता येईना. शेवटी शेजाऱ्यांना सांगितलं, मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेतोय. तेव्हापासून आमच्या मजल्यावर दादाचे डोळे अधू असल्याचं सगळ्यांना माहीत. पुढे त्याला खरंच चष्मा लागला तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, एवढी वर्षं ठाण्याला जाऊन शेवटी चष्माच का!

मला त्या संस्थेच्या नावाचं फार कौतुक आहे. त्यात आजार हा शब्दच नाही, आरोग्य आहे. ब्रीदवाक्यही ‘सुदृढ मन सर्वांसाठी’. सर्वांसाठी म्हटल्यामुळे एक व्यावहारिक सोय होते, जी आमच्यासारख्यांनाच कळेल. तिथे बाकांवर परीक्षेला घाबरणारी मुलं असतात, लग्नात कुरबुरी असलेली जोडपी असतात, मूल हट्टी आहे म्हणून आलेली आई असते. आपण कशासाठी आलोय हे शेजारच्याला कळत नाही. बाबांची मान त्या दिवशी निम्म्यापर्यंत वर आली.

डॉक्टरांची वाट कशी गेली ते थोडं सांगते. मुंबईच्या केईएममध्ये शिकलेला हुशार मनोविकारतज्ज्ञ. सरळ दवाखाना थाटला असता तर कुणी नावं ठेवली नसती. पण ऐंशीच्या दशकात आपल्याकडे गर्द आलं, ब्राउन शुगर. अनिल अवचटांनी त्यावर लिहिलं, पुलं आणि सुनीताबाईंनी ते वाचून मदत देऊ केली, आणि १९८६च्या ऑगस्टमध्ये पुण्यात येरवड्याला ‘मुक्तांगण’ सुरू झालं. ते उभं केलं डॉ. अनिता अवचटांनी, आणि या घडणीत तरुण नाडकर्णी पहिल्यापासून होते. मुक्तांगणची गोष्ट तुम्हाला माहीतच आहे. तिथे व्यसनातून बाहेर आलेला माणूस नव्याने आलेल्याचा हात धरतो. डॉक्टर असतोच, पण रात्री दोन वाजता जो समजून घेतो तो स्वतः त्यातून गेलेला असतो.

माझ्या समजुतीप्रमाणे नाडकर्णींनी ठाण्यात आणलं ते हे. आपल्या देशात लाख माणसांमागे एकही मनोविकारतज्ज्ञ भरत नाही. मग मनाचं काम फक्त त्यांच्याकडे ठेवलं तर बाकीच्यांनी करायचं काय? आयपीएचमध्ये मानसशास्त्रज्ञ, समुपदेशक, समाजसेवक आणि प्रशिक्षण घेतलेले साधे नागरिक, निवृत्त शिक्षिका, बँकेतले लोक, असे सगळे मिळून काम करतात. ‘मैत्र’ नावाची त्यांची दूरध्वनी सेवा आहे. शुभार्थींच्या घरच्यांसाठी गट आहेत. शुभार्थी, म्हणजे रुग्ण. सोबत राहणारे आम्ही शुभंकर. सुरुवातीला मला हे शब्द जरा गोडगोड वाटायचे, अजूनही कधीकधी वाटतात. पण ‘पेशंट’ ऐकला की दादा खोलीत जातो, आणि ‘शुभार्थी’ म्हटलं की हसतो, त्यामुळे मी वाद घालत नाही.

या गटाबद्दल जास्त सांगायला हवं, कारण आमचं घर तिथे वाचलं. आई पहिल्यांदा गेली ती मला घेऊन, कारण एकटीला लाज वाटायची. मी अकरावीत. गोल मांडलेल्या खुर्च्या. एक गृहस्थ बोलायला लागले की त्यांचा मुलगा टीव्हीवर टॉवेल टाकून ठेवतो, आतून कुणी बघतं म्हणून. आईने माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. आमच्याकडे रेडिओवर टॉवेल होता. तोवर आईला वाटत होतं की जगात हे एकाच घरात घडलंय आणि तिच्याच हातून काहीतरी चुकलंय.

तिथे आम्ही दोन गोष्टी शिकलो. एक म्हणजे भ्रमाशी वाद घालायचा नाही, आणि हो ला हो सुद्धा म्हणायचं नाही. ‘रेडिओवर तुझं नाव मला ऐकू येत नाही, पण तुला ऐकू येतंय आणि भीती वाटतेय हे मला कळतंय.’ एवढंच. हे वाक्य ऐकायला सोपं आहे. आम्हाला न चिडता म्हणता यायला दोन वर्षं लागली. दुसरी गोष्ट मी पुढे स्वतः वाचून पडताळली. जॉर्ज ब्राऊन नावाच्या इंग्रज समाजशास्त्रज्ञाने लंडनमध्ये पाहणी केली होती, की रुग्णालयातून बरे होऊन घरी गेलेले काही रुग्ण पुन्हा का आजारी पडतात. ज्या घरात सतत टीका असते, राग असतो, किंवा दिवसभर ‘जेवलास का, झोपलास का, कुठे चाललास’ असं अंगावर येणारं प्रेम असतं, तिथे आजार लवकर उलटतो असं त्याला दिसलं. टीका बाबांची होती, प्रेम आईचं. दोघांनाही कमी करायला सांगितलं गेलं. बाबांना ते जमलं, आईला अजून पूर्ण जमलेलं नाही. आणि हेही तिथेच कळलं की आजार आईबापांमुळे होत नाही. हे आईला कुणीतरी १९९३मध्येच सांगायला हवं होतं.

माझ्यापुरतं म्हणाल तर मला उपयोगी पडली ती विवेकनिष्ठ मानसोपचाराची पद्धत. अल्बर्ट एलिस यांनी ती १९५५च्या सुमारास अमेरिकेत मांडली, आपल्याकडे कि. मो. फडक्यांनी ती रुजवली, आणि नाडकर्णींनी ती व्याख्यानांतून, लेखांतून घरगुती मराठीत आणली. तिचा गाभा असा, की ‘मला हे हवंय’ आणि ‘हे मला मिळालंच पाहिजे’ यांतलं अंतर माणसाने रोज तपासावं. ‘दादा बरा व्हायलाच पाहिजे’ या एका ‘च’वर मी माझी विशी घालवली. प्रोग्रामिंग शिकत होते, त्यामुळे माझी समजूत अशी की चूक सापडली की दुरुस्त होतेच. त्याच्या गोळ्या, झोप, चिडचिड यांचा मी तक्ता ठेवला होता. सहा वर्षांचा. डॉक्टरांना त्याचा उपयोग झाला, हे खरं. मला झाला नाही. तो ‘च’ सुटायला लग्न, एक गेलेली नोकरी आणि बरेच शनिवार लागले.

सगळं छान छान सांगितलं तर तुम्हाला वाटेल मी संस्थेची प्रचारक आहे. तसं नाही. हे सगळं काम मुख्यतः आपल्यासारख्या, वाचणाऱ्या, व्याख्यानाला जाणाऱ्या मराठी मध्यमवर्गाला पोचलं. आम्हाला पोचलं ते एका शिक्षिकेमुळे. कळव्याच्या डोंगरावरच्या, मुंब्र्यातल्या, उल्हासनगरच्या कारखान्यांतल्या घरात दादासारखा मुलगा असेल, तर त्याला आजही बहुधा आधी बाबाच भेटतो. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात दिसलं की गंभीर मानसिक आजार असलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश लोकांपर्यंत उपचारच पोचत नाहीत. एका संस्थेला किंवा एका माणसाला हे पुरं पडणार नाही, आणि त्याने ते पाडावं अशी अपेक्षाही बरी नव्हे. नाडकर्णींनी एक मात्र बदललं, निदान आपल्या पट्ट्यात. मनाच्या डॉक्टरकडे जाणं बोलण्यातलं झालं. ‘वेध’ कल्याणला, बदलापूरला, पेणला, लातूरला गेलं. त्यांच्या ‘आवाहन’ वाहिनीवरची व्याख्यानं आमच्या सोसायटीतल्या काकू भाजी निवडताना ऐकतात. त्याच काकू, चष्म्यावाल्या.

लाजेवरून आठवलं. आपल्या डोंबिवलीचे गजानन माने, नौदलातून आलेले, कल्याण-डोंबिवलीतल्या कुष्ठरुग्णांसाठी तीसेक वर्षं काम करत राहिले. २०२३ला त्यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आपल्या ग्रुपवर ‘आपल्या गावचे!’ म्हणून अंगठे आले. मीही दिला. ती माणसं इतकी वर्षं आपल्याच गावात होती, आणि आपण कितीदा त्या बाजूला गेलो होतो?

आता ज्यासाठी विषय बदलला ते. बाबा २०१४मध्ये गेले. आई अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. दादा एक्कावन्न. तो गोळ्या घेतो, सकाळी एका ओळखीच्यांच्या छापखान्यात दोन तास काम करतो, चित्रं काढतो, गर्दीच्या गाडीत बसत नाही. आवाज गेले नाहीत, पण तो म्हणतो की ते आता शेजारच्या घरातल्या टीव्हीसारखे आहेत. आणि आई रोज रात्री मला फोनवर एकच विचारते, आमच्यानंतर कोण.

कायदे आहेत. २०१७चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २९ मे २०१८पासून लागू आहे. त्यानुसार दादाला स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो, आजार बळावला तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत हे आधी लिहून ठेवता येतं. आम्ही ते केलं. त्याने प्रतिनिधी म्हणून माझं नाव लिहिलं, पण ‘तिने फार तक्ते करू नयेत’ असंही लिहायला लावलं. विम्यातही शारीरिक आजारासारखंच मानसिक आजाराला संरक्षण द्यायला हवं असं त्याच कायद्यात आहे. तरी एका कंपनीने आमचा अर्ज दोनदा परत पाठवला, तिसऱ्यांदा कलम लिहून दिलं तेव्हा घेतला. २०१६च्या अपंगत्वाच्या कायद्यात मानसिक आजार आहे, त्याचं प्रमाणपत्र काढा, लाजू नका. पण पालकत्वासाठी १९९९चा जो नॅशनल ट्रस्टचा कायदा आहे, त्यात मतिमंदत्व, स्वमग्नता वगैरे आहे, हा आजार नाही. म्हणजे आईच्या प्रश्नाला कागदावर अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं मी आहे, आणि मलाही सेहेचाळीस पूर्ण झाली.

आपण ऐंशी जण इथे आहोत. हिशेब केला तर या सभागृहातल्या बऱ्याच घरांत कुणीतरी असणार. दादासारखं नसेल, दुसरं काही असेल. दुपारी जेवताना माझ्याशी बोलायचं असेल तर बोला, नसेल बोलायचं तर १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी क्रमांक आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात. आणि आयपीएचचा पत्ता माझ्याकडे अजून त्या वहीच्या पानावर आहे. पान पिवळं पडलंय, पण भूमितीचं एक प्रमेय मागे स्पष्ट दिसतं.

रंगकाम संपलंय. पुढच्या महिन्यात दुसऱ्या रविवारी आईकडे या, सगळ्या या, बाई तुम्हीसुद्धा. एकदम ऐंशी नको, दादाला गर्दी चालत नाही. सहा-सातच्या गटाने या. चहा तो करतो. साखर जास्त घालतो, सांगितलं तरी ऐकत नाही.